दाराबाहेरची पहिली काडी

तुरुंगातून सुटलेल्या माणसाच्या हातात आधी काय पडतं? पाण्याचा तांब्या नाही, भाकरतुकडा नाही. बिडी.

हे ऐकीव नाही. मी स्वतः ती दिलेली आहे.

आमच्या आळीतला एक गवंडी, माझा लहानपणापासूनचा मित्र, मारामारीच्या गुन्ह्यात अकरा महिने कच्चा कैदी म्हणून आत होता. जामीन झाला तेव्हा त्याला आणायला त्याचा धाकटा भाऊ आणि मी गेलो. कागद पोचता पोचता दिवेलागण झाली. मग मोठ्या फाटकातल्या छोट्या दारातून तो वाकून बाहेर आला. हातात कपड्यांची पिशवी, अंगावर आत गेला त्या दिवशीचा शर्ट. भावाने मिठी मारली. मला काय करावं सुचेना. खिशातला बंडल काढला, एक बिडी त्याच्या ओठांत दिली आणि काडी ओढली. दुसऱ्या झुरक्याला त्याला घेरी आली. समोरच्या टपरीच्या बाकड्यावर तो डोकं धरून बसला आणि आम्ही दोघं हसलो. सवय मोडलीय, येईल परत, असं मीच म्हणालो.

आली परत. आठ दिवसांत दिवसाला एक बंडल, जसा आधी होता तसाच.

पुढे कितीतरी वर्षांनी, खोकल्याची उबळ ओसरल्यावर, तो मला म्हणाला, "आत पहिले पंधरा दिवस मरणाचे गेले रे. पैसेवाल्यांना मिळायची, मला कोण देणार? मग हळूहळू आठवणही येईना झाली. पोरीला सांगणार होतो, सुटली म्हणून. पण तू एवढ्या लांबून आलास, काडी पेटवून धरलीस. नाही कसं म्हणू?"

त्या "नाही कसं म्हणू" वर आपल्या राज्यात एकही सरकारी कागद माझ्या पाहण्यात नाही, एकही योजना नाही, आणि घराघरांत त्याची जाणही नाही. म्हणून आज हे सदर त्याच्यासाठी.

आधी एक गैरसमज काढून टाकू. तुरुंगात बिडी बंद झाली म्हणजे माणसाची बिडी सुटली, असं होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने मे २०१४ मध्ये आपल्या सगळ्या तुरुंगांत धूम्रपान बंद केलं. कडक बंदी, खरी बंदी. पुढे तिथल्या संशोधकांनी सुटून आलेल्या ११४ जणांना विचारलं, बाहेर आल्यावर काय झालं? शंभरातल्या ७२ जणांनी सुटकेच्या दिवशीच पुन्हा ओढली होती. दोन महिन्यांत हा आकडा ९४ वर गेला होता. महिनोन्‌महिने धुराविना काढलेली माणसं ही. दार उघडलं आणि सूर्य मावळायच्या आत तो सगळा काळ धुपून गेला.

का? कारण त्यांनी बिडी सोडली नव्हती, त्यांच्याकडून ती काढून घेतली होती. या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचं अंतर आहे. निकोटीनची शरीराची मागणी पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असते आणि तीन-चार आठवड्यांत बरीचशी निवते. तेवढं तुरुंगात होऊन जातं. पण बिडी शरीरात जितकी असते तितकीच जागेत असते, वेळेत असते, माणसांत असते. सकाळच्या चहात असते. एसटी स्टँडच्या कठड्यावर असते. जेवण झाल्यावर हात धुऊन उंबऱ्यात येऊन टेकण्यात असते. मुकादम पैसे बुडवतो त्या संध्याकाळी असते. यातलं तुरुंगात फारसं काही नसतं. म्हणजे ज्या जागी माणसाचा पाय घसरतो ती जागा त्याला आत कधी भेटतच नाही. कोरड्या विहिरीत पोहायला शिकवायचं आणि मग भर पावसाळ्यात नदीत ढकलायचं, असा हा प्रकार आहे. बुडाला की आपण म्हणतो, यांना सुधारायचंच नसतं.

आणि सुटकेचा दिवस हा घसरण्यासाठी सगळ्यात वाईट दिवस. आत ज्या ज्या गोष्टींना मनाई होती ती प्रत्येक गोष्ट त्या दिवशी स्वातंत्र्य वाटते. झुरका मारला की आपण सुटलो याची खात्री पटते. सिनेमाने तर हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या डोक्यात ठोकून बसवलं आहे: फाटक उघडतं, नायक बाहेर येतो, सिगारेट पेटवतो. पडद्याच्या कोपऱ्यात इशाऱ्याची पट्टी येते ती नंतर.

आता दुसरी बाजू सांगतो, कारण ती आशेची आहे.

अमेरिकेच्या ईशान्येला ऱ्होड आयलंड नावाचं चिमुकलं राज्य आहे. तिथल्या तुरुंगांत तंबाखू बंद आहे. डॉ. जेनिफर क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे सुटकेच्या उंबरठ्यावर असलेल्या स्त्री-पुरुष कैद्यांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यविषयक चित्रफिती दाखवल्या. दुसऱ्या गटाशी सुटकेआधीच्या आठवड्यांत सहा वेळा बसून बोलले. दटावणी नाही, कॅन्सरची भीती घालणं नाही. बाहेर गेल्यावर तुला काय हवंय, कुणाला तोंड दाखवायचंय, पहिल्या दिवशी कोण भेटेल, तो पुढे करेल तेव्हा काय म्हणशील, अशा धर्तीचं बोलणं. उत्तर कैद्याने स्वतः शोधायचं. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. सुटकेनंतर तीन आठवड्यांनी चित्रफिती पाहिलेल्यांपैकी शंभरात ७ जण तंबाखूपासून लांब होते, बोलणं झालेल्यांपैकी २५. तीन महिन्यांनी पहिल्या गटात २ उरले, दुसऱ्यात १२.

शंभरात बारा. कुणी म्हणेल, एवढंच? मी म्हणतो, सहा बैठकांत दोनाचे बारा झाले, याहून स्वस्त औषध मला दाखवा. आणि या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती नीट पाहा. तिसऱ्या आठवड्याला पंचवीस होते, तिसऱ्या महिन्याला बारा राहिले. निम्मे त्या मधल्या दोन-अडीच महिन्यांत गळाले. म्हणजे आत केलेली तयारी बाहेर काही आठवडे पुरते, मग शिदोरी संपते. तिथे कुणीतरी हवं. फोन करणारं, दार ठोठावणारं, चहाला बसणारं.

हे झालं ऱ्होड आयलंडचं. तिथे सुटकेची तारीख आधी कळते, म्हणून सहा आठवडे आधी सुरुवात करता येते. आपल्याकडे नेमकी तीच सोय नाही, आणि माझ्या मते परदेशातला कुठलाही नमुना इथे आणताना पहिली अडचण हीच येणार आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबाने २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यातली चारातली तीन, म्हणजे ७५.८ टक्के, कच्चे कैदी. त्यांचा खटलाच संपलेला नव्हता. कच्च्या कैद्याला सुटकेची तारीख नसते. असते ती पुढची तारीख, आणि त्याच्या पुढची. एके दिवशी जामीन होतो, जामीनदाराची कागदपत्रं होतात, आदेश निघतो. आर्थर रोड तुरुंगाच्या दारावर तर जामीनपेटी लावलेली असायची. तिच्यात कागद वेळेत पडला तर आज सुटका, नाहीतर उद्या. संध्याकाळी नाव पुकारलं जातं, माणूस चादर गुंडाळतो आणि अर्ध्या तासात रस्त्यावर येतो. बायकोलाही कळलेलं नसतं. त्याला सहा आठवडे आधी गाठणार कोण आणि कसं?

यावर माझं उत्तर सरळ आहे. सुटकेची तारीख माहीत नाही, पण आत आल्याची माहीत आहे ना? मग तिथून सुरू करा. आत येणाऱ्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी होते. वजन घेतात, जखमा टिपतात, जुने आजार विचारतात. त्यातच एक प्रश्न घाला: तंबाखू कशी घेतोस, किती घेतोस, सोडायची आहे का? "हो" म्हणणाऱ्याचं नाव वेगळ्या वहीत. पंधरा दिवस मरणाचे जातात तेव्हा, म्हणजे तेव्हाच, तुरुंगाच्या डॉक्टरने त्याच्याजवळ असलं पाहिजे. निकोटीनचं च्युइंगगम ही काही चैनीची वस्तू नाही. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटीनची पर्यायी औषधं आहेत. दोन मिलिग्रॅमचं गम तर औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. तुरुंगाच्या दवाखान्यात ते का नसावं?

आणि तारीख कुणाचीच माहीत नसते हेही पूर्ण खरं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ उघडून पाहा. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने, गुन्हा फाशी किंवा जन्मठेपेचा नसेल तर, कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडण्यासाठी तुरुंगाच्या अधीक्षकानेच न्यायालयाला लेखी कळवायचं आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची. एकाहून जास्त गुन्ह्यांत किंवा खटल्यांत अडकलेल्यांना ही सवलत नाही, ते सोडा. पण ज्यांना आहे त्यांची यादी अधीक्षकाच्या टेबलावर असलीच पाहिजे. कायदाच तसं सांगतो. मग तीच यादी दवाखान्यातल्या डॉक्टरला आणि समुपदेशकाला द्यायला काय लागतं? एक झेरॉक्स.

शिक्षा झालेल्यांचं तर आणखी सोपं. त्यांना सुटकेआधी संचित रजा मिळते, अभिवचन रजा मिळते. घरी जाऊन, काही दिवस राहून, परत यायचं. ही रजा म्हणजे सुटकेची रंगीत तालीम आहे. जाताना विचारा, पहिली बिडी कोण देईल? आल्यावर विचारा, कुणी दिली, कुठे दिली, घेतली का? तो घसरला असेल तर त्याच्यावर ओरडू नका. कुठे घसरला ते लिहून घ्या, कारण शेवटच्या सुटकेला पाय तिथेच जाणार आहे. आज रजेवरून परतलेल्याची कसून झडती होते, त्याने तंबाखू आत आणली का हे पाहिलं जातं. त्याच्या डोक्यात काय परत आलंय हे मात्र कुणी विचारत नाही.

इथे एक गोष्ट थांबून सांगितली पाहिजे. आतापर्यंत मी बिडी-सिगारेटबद्दल बोललो, कारण जगभरचं संशोधन धुराबद्दल आहे. महाराष्ट्राची तंबाखू मात्र तोंडात असते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात आपल्या राज्यात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले. धूर काढणारे प्रौढ फक्त ३.८ टक्के. बिनधुराची घेणारे २४.४. मळून दाढेखाली धरलेली, चुन्याबरोबर, सुपारीबरोबर. विदर्भात खर्रा. बायकांची मिश्री, जिला आजही कितीतरी घरांत दात घासण्याची पूड समजतात. म्हणून परदेशातल्यासारखं "धूरमुक्त" एवढंच नाव देऊन आपण कार्यक्रम आखला, तर तुरुंगातून सुटलेला माणूस बिडी टाकेल आणि खर्रा घेईल. फुप्फुस वाचवून जबडा दिला, असा तो हिशेब होईल. टाटा हॉस्पिटलच्या मुखकर्करोगाच्या बाह्यरुग्ण विभागात एक सकाळ उभं राहून पाहावं. भायखळ्याच्या महिला कारागृहात जाऊन कुणी "सिगारेट ओढता का?" असं विचारलं तर जवळजवळ सगळ्या नाही म्हणतील, आणि ते उत्तर खरंही असेल, आणि निरुपयोगीही.

गुटखा आपल्या राज्यात २०१२ पासून बंद आहे. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुट्या सिगारेट आणि सुट्या बिड्या विकायलाही बंदी केली. या दुसऱ्या बंदीबद्दल फार थोड्यांना माहीत आहे, आणि टपरीवाल्याला माहीत असली तरी तो ती पाळत नाही. सुटलेल्या माणसाच्या दृष्टीने ही बंदी सगळ्यात महत्त्वाची होती. त्याच्या खिशात पाकिटाचे पैसे नसतात. एका बिडीचे असतात, नाहीतर तीही कुणीतरी देतं. आता पाहा: सिगारेटच्या पाकिटाच्या दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असतो आणि त्यावर तंबाखू सोडण्यासाठी मदतीचा फोन नंबर छापलेला असतो. सुट्या बिडीवर ना चित्र, ना नंबर. ज्याला नंबराची सगळ्यात जास्त गरज, त्याच्या हातात नेमकी बिननंबरी बिडी जाते. मी माझ्या मित्राच्या ओठांत दिली ती तशीच होती.

तंबाखूच्या २००३ च्या कायद्याने शाळा-कॉलेजांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. तुरुंगाच्या फाटकासाठी अशी रेघ का नाही? तुरुंगासमोरची टपरी आठवा. मुलाखतीला आलेल्या बायाबापड्या तिथे बसतात, वकिलांचे कारकून तिथे बसतात, आणि सुटलेला माणूस तिथेच पहिल्यांदा टेकतो. तिथे चहा हवा, वडापाव हवा, पाणी हवं, सार्वजनिक फोन असला तर फारच उत्तम. पुड्यांच्या माळा नकोत. फाटकाभोवती शंभर यार्ड रिकामे करा. जागा सरकारची आहे, रस्ता पालिकेचा आहे, आणि टपरीवाल्याचा धंदा चहावर चालतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

"कैद्याला घर नाही, काम नाही, गाव उभं करत नाही, आणि तुम्हाला त्याच्या बिडीचं पडलंय?" हा प्रश्न मला प्रेमाने विचारला गेला आहे, रागानेही विचारला गेला आहे. माझं म्हणणं, घर आणि काम आधी, यात वादच नाही. पण ज्याला घर नाही त्याचीच छाती जळू द्यायची का? तंबाखू ही गरिबाची एकमेव मजा आहे, तिला हात लावू नका, असं म्हणणाऱ्या सुशिक्षितांची मला चीड येते. आपल्या मुलाच्या हातात सिगारेट दिसली की यांना जेवण जात नाही. दीर्घकाळ तंबाखू घेणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत माणसं तिच्यानेच मरतात. धूम्रपानाने क्षयाचा धोका साधारण दुपटीने वाढतो, आणि आपल्या खच्चून भरलेल्या बराकींत क्षय किती सहज पसरतो ते तुरुंगाच्या कोणत्याही डॉक्टरला विचारा. त्या बराकीतून निघालेली छाती बाहेर आल्यावर धुराने आणखी पोखरायची, मग त्याला काम कोण देणार? गवंड्याची छाती म्हणजे त्याचं भांडवल. माझा मित्र आता तिसऱ्या मजल्यावर पाटी चढवू शकत नाही. खालीच माल कालवतो, आणि मजुरीही खालचीच मिळते.

तुरुंगातल्या बंदीचा उपयोगच नाही, असंही मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या राज्यांच्या तुरुंगांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. जिथे धूम्रपानावर बंधनं होती तिथे आतल्या कैद्यांचे धूम्रपानामुळे होणारे मृत्यू ९ टक्क्यांनी कमी आढळले. स्कॉटलंडने ३० नोव्हेंबर २०१८ ला सगळ्या तुरुंगांत बंदी केली, पण आधी दीड-एक वर्ष तयारी केली, कैद्यांना मदत दिली, आणि बंदी शांतपणे पार पडली. आठवडाभरात तिथल्या हवेतला धूर चार-पंचमांशाने घटला. त्याउलट ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १ जुलै २०१५ ला बंदी लागू व्हायची होती, आणि आदल्या दिवशी मेलबर्नजवळच्या रेव्हनहॉल इथल्या कच्च्या कैद्यांच्या तुरुंगात दंगल पेटली. आपल्या तिहारमध्येही नव्वदच्या दशकात किरण बेदी यांनी धूम्रपान बंद केलं होतं. तेव्हा आतल्या बंदीचे अनुभव जगाकडे भरपूर आहेत. माझं भांडण बंदी दारापाशी संपते याच्याशी आहे.

दाराबाहेरची माणसं आपल्याकडे नाहीत असंही नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचा "प्रयास" हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत कैद्यांबरोबर आणि सुटलेल्यांबरोबर काम करतो. आत जाऊन भेटतो, बाहेर आल्यावर काम शोधायला मदत करतो. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये उभं केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र येरवड्यातच आहे. राज्यातला सगळ्यात नावाजलेला तुरुंगही येरवड्यातच. व्यसन सोडल्यावर माणूस परत कसा घसरतो आणि त्याला पाठपुराव्याने कसं धरून ठेवायचं, हे ज्ञान मुक्तांगणात जवळजवळ चार दशकांचं साठलेलं आहे. तिथे व्यसनी माणसाच्या बायकोलाही उपचाराचा भाग मानतात, कारण घर सामील झाल्याशिवाय व्यसन सुटत नाही हे त्यांनी अनुभवाने ओळखलं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ पासून मुक्तिपथ चालवलं, खर्ऱ्याशी गावागावांत लढाई केली. ही माणसं, हे अनुभव इथे आपल्या भाषेत आहेत. त्यांना तुरुंगाच्या फाटकाशी जोडणारी फक्त एक वाट हवी आहे.

ती वाट कशी असेल ते मला दिसतं. सुटणाऱ्याला त्याच्या जमा केलेल्या वस्तू जिथे परत देतात, त्याच खिडकीत त्याला एक चिठ्ठी द्यायची. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायची. त्याच खिडकीतून त्याच्या घरी एक फोन लावायचा: "तुमचा माणूस सुटतोय. इतके महिने त्याने तंबाखू घेतलेली नाही. आज त्याला कुणी देऊ नका." बस, एवढंच वाक्य. ज्याला आत चोरून मिळत होती त्याच्यासाठी गमची पट्टी. ज्याचं शरीर आधीच मोकळं झालंय त्याला औषधापेक्षा माणूस जास्त लागतो, म्हणून तिसऱ्या दिवशी एक फोन, दहाव्या दिवशी एक, महिन्याने एक. जामिनावर सुटलेला तर तारखेला न्यायालयात येतोच. तेव्हा पाच मिनिटं कुणीतरी त्याच्याजवळ बसायचं. विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक न्यायालयात असतातच. त्यांना एका दुपारचं प्रशिक्षण पुरेल.

महाराष्ट्राच्या तुरुंगांनी "गळाभेट" सुरू केली, मुलांना आत आणून बापाच्या मांडीवर बसू दिलं. ते पाहून मला पहिल्यांदा वाटलं, आपल्या खात्यात माणसं आहेत. माझ्या मित्राला त्याच्या पोरीला सांगायचं होतं, सुटली म्हणून. ते वाक्य त्याने गळाभेटीत तिला आतच सांगितलं असतं, तर दारात माझ्या काडीला तो नाही म्हणाला असता. असं मला वाटतं. कदाचित नसता म्हणाला. पण त्याच्याकडे नाही म्हणायला एक कारण आधीच उच्चारलेलं असतं.

सरकार हे करेल तेव्हा करेल. अर्ज करू, पत्रं लिहू, या सदरातून पुन्हा पुन्हा मागू. पण फाटकापाशी सरकार उभं नसतं, आपण असतो. भाऊ असतो, मेहुणा असतो, मित्र असतो, वकिलाचा पोऱ्या असतो. बिडी पुढे करणारा हात मायेचाच असतो, म्हणून तर तो नाकारता येत नाही.

तेव्हा येत्या आठवड्यात तुमच्यापैकी कुणी कुणाला आणायला जाणार असेल, तर त्याला माझी हात जोडून विनंती आहे. जाताना खिसे तपासा. बंडल, पुडी, डबी, लायटर, जे असेल ते घरी ठेवा. बरोबर चिक्की घ्या, केळी घ्या, बडीशेप घ्या, पाण्याची बाटली घ्या. तो बाहेर आला की टपरीकडे नका नेऊ, सरळ घरी न्या. वाटेत त्याने मागितली तर रागावू नका. चल आधी जेवू, म्हणा. तलफ आली तरी तिचा जोर थोड्या मिनिटांत ओसरतो, तेवढी मिनिटं त्याच्याशी बोलत राहा. आणि हा नंबर त्याच्या पिशवीत टाका. फोन फुकट आहे, केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याचा आहे, तंबाखू सोडणाऱ्याशी तिथे माणूस बोलतो: १८००-११-२३५६.